चाकण, स्टुटगार्ट, केरेतारो: तीन देशांत विभागलेला प्रकल्प कसा सांभाळायचा

ऱ्हाइन नदीच्या एका काठावर जर्मनीतलं लाउफेनबुर्ग आहे आणि समोरच्या काठावर स्वित्झर्लंडमधलं लाउफेनबुर्ग. २००३ साली या दोन गावांमध्ये नवा पूल बांधताना लक्षात आलं, की दोन्ही बाजूंच्या उंचीत ५४ सेंटीमीटरचा फरक पडतोय. समुद्रसपाटी मोजताना जर्मनी उत्तर समुद्र धरतो आणि स्वित्झर्लंड भूमध्य समुद्र, त्यामुळे दोन देशांच्या आकड्यांत मुळातच २७ सेंटीमीटरचं अंतर आहे. हे इंजिनिअरांना पक्कं ठाऊक होतं आणि हिशेबातही धरलेलं होतं. दुरुस्ती मात्र उलट्या चिन्हानं लावली गेली आणि २७ मिटण्याऐवजी दुप्पट झाले.

चाकण पट्ट्यात असेंब्ली लाइन बनवण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. आमच्याकडे पहिल्यांदा परदेशी प्रकल्प हातात घेणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला मी ही पुलाची गोष्ट सांगतो. भाषा, वेळ, अंतर या अडचणी सगळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची तयारीही होते. घात होतो तो प्रत्येक देशानं मनातल्या मनात धरून ठेवलेल्या गोष्टींनी, कारण त्या विचारायच्या असतात हेच कुणाला सुचत नाही. या लेखातल्या बहुतेक पायऱ्या अशा गोष्टी वेळेत कागदावर आणण्याच्या आहेत.

सोयीसाठी सगळं एकाच नमुन्यावर मांडतो. डिझाइन स्टुटगार्टला, यंत्र बनणार चाकणला आणि बसणार मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात. गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्यांसाठी हा त्रिकोण नेहमीचा आहे. तुमचे देश वेगळे असतील तर आकडे बदला, क्रम बहुतेक तोच राहील.

पहिली पायरी: गृहीतांची यादी

करार झाल्यावर पहिल्या आठवड्यात एक कागद तयार करा. आम्ही त्याला 'गृहीतांची यादी' म्हणतो. वेळापत्रकाच्याही आधी हा कागद हवा आणि त्यावर तिन्ही देशांतल्या जबाबदार माणसांच्या सह्या हव्यात. त्यात काय येतं ते जरा तपशिलात सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात.

सुरुवात आकड्यांपासून करा. जर्मन माणूस दशांशाला स्वल्पविराम वापरतो आणि हजाराला टिंब. त्यानं '१.५०० किलो' लिहिलं तर ते दीड टन असतं. आपण ते दीड किलो वाचतो. आपण 'दोन लाख सायकल' (म्हणजे यंत्राच्या फेऱ्या) म्हणतो तेव्हा समोरच्याला लाख म्हणजे काय ते माहीत नसतं. आपला स्वल्पविरामही त्यांच्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी पडतो. हजाराला चिन्हच लावायचं नाही आणि दशांशाला टिंब, असा एक नियम ठरवून सगळीकडे तोच पाळा.

तारखांचंही तसंच. ०४/०५ म्हणजे आपल्याला आणि जर्मनांना चार मे, अमेरिकी माणसाला पाच एप्रिल. वर्ष-महिना-दिवस ही आयएसओ ८६०१ ची रीत धरा, किंवा महिना अक्षरात लिहा. त्यातून जर्मन लोक तारखेऐवजी आठवड्याचा क्रमांक सांगतात: 'तेविसाव्या आठवड्यात पाठवतो.' त्यांच्या पद्धतीत आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. तुमच्या संगणकावरचं कॅलेंडर दुसऱ्या रीतीनं मोजत असेल तर काही वर्षी अख्खा एक आठवडा इकडचा तिकडे होतो.

मग ड्रॉइंग. वस्तूच्या बाजू कागदावर कुठे मांडायच्या याच्या दोन रीती आहेत: जर्मनी आणि भारत फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतात, अमेरिका आणि जपान थर्ड अँगल. टायटल ब्लॉकमधलं, म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतलं, कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह हे सांगतं, पण घाईत ते बघतं कोण? उजवी बाजू डावीकडे आली तर ब्रॅकेट आरशातल्यासारखी उलटी बनून येते. मेक्सिकोतला ग्राहक अमेरिकी सवयीचा असेल, तर त्याच्या इमारतीचा लेआउट कुठल्या पद्धतीत आहे ते विचारून घ्या.

वीज हा माझ्या मते यादीतला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. भारत आणि जर्मनी ५० हर्ट्झवर चालतात, मेक्सिको ६० वर. ड्राइव्हशिवाय (वेग ठरवणाऱ्या उपकरणाशिवाय) थेट लाइनवर चालणारी मोटर तिथे वीस टक्के जोरात फिरते, म्हणजे चाकणला मोजलेला कन्व्हेयरचा वेग तिथला नसतो. वायरींचे रंग तर जिवावर बेतू शकतात. आपल्याकडे काळी वायर म्हणजे न्यूट्रल ही सवय हाडीमाशी मुरलेली आहे. अमेरिकी पद्धतीत, आणि मेक्सिकोतले नियम त्याच घराण्यातले आहेत, काळी वायर म्हणजे फेज आणि न्यूट्रल पांढरी. युरोपात न्यूट्रल निळी, तर अमेरिकी यंत्रांच्या मानकात निळी म्हणजे कंट्रोलचा डीसी पुरवठा. कुठलं मानक पाळायचं हे पॅनेलची पहिली वायर कापण्याआधी लेखी ठरलंच पाहिजे. इथे मी कुणाचीच भीड ठेवत नाही.

आणि हवा. हो, हवासुद्धा गृहीत धरलेली असते. केरेतारो समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटरवर आहे, चाकण साधारण साडेसहाशेवर. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून चाकणला पत्रा सहज उचलणारा सक्शन कप तिथे अंदाजे आठवा हिस्सा कमी जोर लावतो. मोटरींवर लिहिलेली क्षमता साधारणतः १००० मीटर उंचीपर्यंतची असते. त्याच्या वर हवा विरळ असल्यामुळे मोटर थंड व्हायला त्रास होतो आणि क्षमता कमी धरावी लागते. स्टुटगार्टच्या डिझायनरला ही उंची तुम्ही कळवली नाहीत, तर त्याला स्वप्नात येणार नाही.

यादी दोन-तीन पानांची होते. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा: काय ठरलं, कुणी ठरवलं, कुठल्या तारखेला. आणि लाउफेनबुर्गची आठवण ठेवून जिथे अधिक-उणे किंवा डावं-उजवं येतं तिथे एक सोडवलेलं उदाहरण आकड्यांसकट द्या. 'शून्य बिंदू लोडिंग स्टेशनच्या बाजूला, पहिलं स्टेशन अधिक ३५०० मिलिमीटरवर' असं लिहिलं की कुणी उलट वाचत असेल तर लगेच हात वर करतो.

दुसरी पायरी: काम कुठे तोडायचं

तीन देशांत काम वाटताना आपण सहसा किंमत बघतो: जिथे स्वस्त पडतं तिथे ते द्यायचं. माझं मत असं, की आधी सांधे मोजावेत. दोन देशांचं काम जिथे एकमेकांना भिडतं तो सांधा, आणि सांधे जितके जास्त तितकी डोकेदुखी. मेकॅनिकल चाकणला, पॅनेल जर्मनीत, वायरिंग मेक्सिकोत असं तोडलं तर शेकडो सांधे होतात. तेच एक पूर्ण स्टेशन, यांत्रिकी-वीज-प्रोग्रामसकट, एकाच ठिकाणी दिलं तर सांधा उरतो तो चार बोल्ट, एक केबल आणि एका सिग्नलच्या यादीचा.

मोठमोठ्यांनाही हे सांधे जड गेलेत. एअरबसच्या ए३८० विमानात एकेकात सुमारे ५३० किलोमीटर वायर आहे. हॅम्बुर्ग आणि तुलूझच्या कारखान्यांत डिझाइनच्या एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या चालू होत्या. जर्मनीतून आलेले वायरचे जुडगे तुलूझला विमानात बसवायला गेले तर लांबीला कमी पडले. २००६ साली हे उघड झालं आणि विमान मिळायला जवळपास दोन वर्षांचा उशीर झाला.

फ्रान्समधल्या ईटर या अणुसंलयन प्रकल्पात भारतासह सात भागीदार आहेत आणि बहुतेक जण पैशांऐवजी तयार भागच देतात. त्याचं जवळपास ३० मीटर उंच क्रायोस्टॅट, म्हणजे सगळ्या यंत्राला बाहेरून वेढणारं निर्वात भांडं, भारतानं दिलं. लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा कारखान्यात ते ५४ तुकड्यांत बनलं आणि तिकडे साइटवर जोडलं गेलं. इतकं मोठं भांडं अखंड नेताच येत नाही, त्यामुळे कुठे कापायचं हा विचार डिझाइनमध्येच करावा लागला. त्याच प्रकल्पात व्हॅक्यूम व्हेसलच्या (संलयन जिथे होणार त्या आतल्या भांड्याच्या) तुकड्यांच्या वेल्डिंगच्या कडा मापात बसत नाहीत असं निघालं, आणि २०२२ मध्ये दुरुस्तीचा मोठा निर्णय घ्यावा लागला. तुकडे वेगवेगळ्या देशांत बनले की कडेच्या मिलिमीटरला फार किंमत येते.

आपल्या कामात याचा अर्थ एवढाच: प्रत्येक सांध्यासाठी एक पान. त्यावर मापं आणि त्यांचा टॉलरन्स (चालेल इतका कमी-जास्त फरक), कनेक्टरचा प्रकार, सिग्नलची नावं आणि सांध्याचा एकच मालक. दोन मालक असले की 'मला वाटलं ते बघतील' सुरू होतं. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्याही इथेच लिहा: पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) प्रोग्रामिंगचं साधन कुठल्या आवृत्तीचं, रोबोटचं कुठलं. मधल्या काळात कुणी आपलं अपडेट केलं तर ते बाकीच्या दोघांना आधी कळवायचं.

ड्रॉइंगचं घर मात्र एकच ठेवा. मेलवरून आलेलं ड्रॉइंग वापरायचं नाही, असा नियम मी पहिल्या दिवशीच करतो. सगळ्यांनी एकाच सर्व्हरवरून, रिव्हिजनचं अक्षर बघून घ्यायचं.

तिसरी पायरी: निर्णय कुणाचा

हे थोडक्यात सांगतो. प्रत्येक देशात एकच माणूस, ज्याला निश्चित रकमेपर्यंत आणि निश्चित दिवसांपर्यंतच्या बदलाला हो-नाही म्हणायचा अधिकार आहे. त्याच्या वर कोण, तेही नावानिशी. प्रश्न पाठवल्यापासून तीन कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर तो आपोआप वरच्या माणसाकडे जातो, हे आधीच ठरवलेलं असलं की कुणाला तक्रार केल्यासारखं वाटत नाही. निर्णयांची एक सामाईक वही ठेवा. क्रमांक, तारीख, निर्णय, कारण. कारण लिहायला विसरू नका. आठ महिन्यांनी माणूस बदलतो आणि नवा विचारतो की हे असं का केलं.

चौथी पायरी: घड्याळ आणि सणवार

केरेतारो आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे आणि वर्षभर तेवढंच राहतं. मेक्सिकोनं देशाच्या बहुतेक भागात घड्याळ पुढे-मागे करणं २०२२ मध्ये बंद केलं. जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. चाकणचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे केरेतारोचे सकाळचे सात, आणि स्टुटगार्टचे दुपारचे दोन किंवा तीन. कारखाने तिथे लवकर सुरू होतात, त्यामुळे साडेसहा ते साडेसात हा एकच तास तिघांना झेपतो. तो तास जपा. रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे.

बैठकीचं निमंत्रण चाकणच्या घड्याळाला बांधा. चाकण आणि केरेतारो, दोघांचंही घड्याळ हलत नाही, त्यामुळे फक्त जर्मनांना वर्षातून दोनदा एक तास सरकावं लागतं. निमंत्रण जर्मनीतून गेलं तर मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर उरलेले दोघेही चुकतात. अमेरिका सोबत असेल तर आणखी सांभाळा: तिथे घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, म्हणजे वर्षातले तीन-चार आठवडे युरोप आणि अमेरिकेतलं नेहमीचं अंतर बिघडलेलं असतं.

सुट्ट्यांचा तक्ता तिन्ही देशांतल्या माणसांकडून भरून घ्या. इंटरनेटवरची यादी उतरवून काढू नका, कारण खरी सुट्टी यादीत नसते. जर्मनीत सुट्ट्या राज्यागणिक बदलतात. सहा जानेवारीला स्टुटगार्टला सुट्टी असते, हॅम्बुर्गला नसते. सण गुरुवारी आला की शुक्रवारही रजा टाकून जोडतात, आणि त्या दिवसाला ते 'पुलाचा दिवस' म्हणतात. मेक्सिकोत ईस्टरच्या आधीचा आठवडा मंद जातो. १२ डिसेंबरच्या ग्वादालुपेच्या सणापासून ६ जानेवारीपर्यंत कामाचा वेग उतरलेलाच असतो. आणि आपली बाजू? पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, हे जर्मनीतल्या कुणाला माहीत असणार? दर गुरुवारी फोन उचलत नाहीत म्हणून आमच्याबद्दल एका ग्राहकाचं मत खराब होत चाललं होतं. तक्त्यात एक ओळ टाकली आणि विषय संपला. गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीचा आठवडाही प्रामाणिकपणे लिहा. वेल्डर गावाला जाणार हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे, मग त्या आठवड्यात डिस्पॅचची तारीख का देता?

पाचवी पायरी: 'होऊन जाईल' आणि 'झालंय'

या बाबतीत मी आपल्या लोकांशी जरा कडक बोलतो. परदेशी माणसांच्या स्वभावावर आपण पुष्कळ बोलतो: जर्मन तोंडावर बोलतात, मेक्सिकन 'आओरिता' म्हणतात आणि त्याचा अर्थ आत्ता ते संध्याकाळ यांतला काहीही असतो. पण तिन्ही देशांत सगळ्यात निसरडा शब्द आपलाच आहे: 'होऊन जाईल.' आपण तो आदरानं म्हणतो. समोरच्याला नाही म्हणणं जड जातं म्हणून म्हणतो. स्टुटगार्टमध्ये तो शब्द वचन म्हणून लिहून घेतला जातो.

उपाय साधा आहे. 'झालं का?' हा प्रश्नच विचारू नका, आणि तुमच्या माणसांनाही विचारू देऊ नका. 'काय बाकी आहे?' असं विचारा. या प्रश्नाला हो-नाहीत उत्तर देता येत नाही. प्रत्येक कामाचं 'झालं' म्हणजे काय ते आधी लिहा. पॅनेल झालं म्हणजे वायरिंग पूर्ण, कंटिन्युइटी (वायर मध्ये तुटलेली नाही ना) तपासलेली, तपासणीचा कागद सही करून सर्व्हरवर, आणि उघड्या दाराचा फोटो तारखेसह. त्यापेक्षा कमी ते सगळं 'चालू'.

बैठकीत सगळ्यांची इंग्रजी उसनी असते. वाक्यं लहान ठेवा, आकडा बोललात की लगेच पडद्यावर लिहून दाखवा. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि ज्याच्याकडे काम आहे त्यालाच ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. पहिल्या वेळी अवघडल्यासारखं होतं. तिसऱ्या बैठकीपासून सगळे त्याची वाट बघतात, कारण गैरसमज तिथल्या तिथे बाहेर पडतात. टिपणं त्याच रात्री गेली पाहिजेत. मेक्सिकोचा दिवस तेव्हा नुकताच सुरू झालेला असतो.

तीनही भाषांतल्या तांत्रिक शब्दांची एक छोटी सूची बनवा. पन्नास-साठ शब्द पुरतात: क्लॅम्प, फिक्स्चर, सेन्सर, इमर्जन्सी स्टॉप, रिजेक्ट ट्रे. ऑपरेटरच्या पडद्यावरचा मजकूर स्पॅनिश असणार, त्यामुळे पडदा बनवतानाच स्पॅनिश शब्द टाकून बघा. इंग्रजीत एका बटणात मावणारा शब्द तिथे पुष्कळदा मावत नाही. आणि भाषांतर एकदा केरेतारोतल्या खऱ्या ऑपरेटरला वाचायला द्या.

सहावी पायरी: चाकणमध्येच केरेतारो उभं करा

यंत्र निघण्याआधीची फॅक्टरी अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट ही तुमची शेवटची स्वस्त संधी. इथे सापडलेली चूक शेजारच्या वर्कशॉपमध्ये दोन तासांत सुटते. तीच तिथे सापडली तर विमानानं पार्ट, कस्टम्स आणि हॉटेलचा मुक्काम.

म्हणून चाचणी तिथल्या परिस्थितीत घ्या. ६० हर्ट्झचा पुरवठा भाड्यानं मिळतो, तो लावा. सक्शन कपचा व्हॅक्यूम मुद्दाम कमी करून तिथल्या पातळीला आणा आणि पत्रा पडतो का ते पाहा. ग्राहकाचे खरे पार्ट तिथून मागवा, आणि लवकर मागवा. भारतातून घेतलेल्या 'तसल्याच' पार्टवर चाचणी पास करून घेतलेली लाइन तिकडे पहिल्याच दिवशी अडकलेली मी पाहिली आहे. फरक होता कापताना कडेला राहिलेल्या बारीक धारेचा, म्हणजे 'बर'चा, डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही असा.

ग्राहकाचा माणूस स्वतः आला तर उत्तम. येऊ शकत नसेल तर व्हिडिओवर घ्या, पण तुकड्यातुकड्यांत. दोन दिवस, दर वेळी दोन तास, आणि सलग चालणारा भाग न कापता चित्रित करून. राहिलेल्या कामांच्या पंच लिस्टमध्ये प्रत्येक ओळीपुढे 'निघण्याआधी' की 'साइटवर' हे लिहून घ्या. 'साइटवर' हा रकाना वाढायला लागला की डिस्पॅच थांबवा. मला यावरून वरच्यांशी वाद घालावे लागले आहेत, आणि पुढेही घालीन.

सातवी पायरी: माल

कोटेशन देताना इन्कोटर्म, म्हणजे माल पोचवण्याची आंतरराष्ट्रीय अट, कुठली हे नीट ठरवा. इन्कोटर्म्स २०२० मध्ये अशा ११ अटी आहेत आणि प्रत्येकीत माल, खर्च आणि जोखीम विक्रेत्याच्या हातून खरेदीदाराच्या हाती कुठे जातात हे बांधलेलं आहे. विक्रीवाल्यांना डीडीपी द्यायला आवडतं, कारण ग्राहकाला ते सोपं वाटतं: सगळं, आयात शुल्कासकट, आपण भरायचं. मेक्सिकोसाठी मी ते टाळायला सांगतो. तिथे आयात करणाऱ्याचं नाव सरकारी आयातदार नोंदवहीत असावं लागतं आणि कागद सहसा परवानाधारक कस्टम्स एजंट सादर करतो. चाकणच्या कंपनीची तिथे नोंदणी नसेल तर पेटी बंदरात पडून राहते आणि भाडं चढतं. डीएपी द्या. दारापर्यंत माल आपला, आयात ग्राहकाची.

एचएस कोडचे, म्हणजे कस्टम्ससाठी मालाच्या वर्गाच्या क्रमांकाचे, पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे देशागणिक वेगळे. तिथल्या एजंटला यंत्राचं वर्णन, फोटो आणि सहा आकडे दोन महिने आधी पाठवून कोड ठरवून घ्या. लाइन अनेक पेट्यांत जाणार असेल, तर सगळ्या पेट्या मिळून एकच यंत्र आहे असं दाखवता येईल का तेही विचारा. नाही तर प्रत्येक पेटी सुट्या भागांची ठरते आणि शुल्काचा हिशेबच बदलतो.

पेटीचं लाकूड विसरू नका. आयएसपीएम १५ या नियमाप्रमाणे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं तापवलेला हवा आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का हवा. पॅकिंगवाला मोठी पेटी शिक्क्याच्या लाकडाची करतो आणि आत यंत्राखाली साध्या फळीचे ठोकळे मारतो. त्या ठोकळ्यांवरूनही माल अडतो. न्हावाशेव्याला कंटेनर जाण्याआधी आतला प्रत्येक ठोकळा डोळ्यांनी बघा, शिक्क्यांचे फोटो काढा. आपल्या पावसाळ्यात भरलेल्या पेटीत हवेतला ओलावाही सोबत जातो, तेव्हा गंजरोधक पिशवी आणि सिलिका जेलमध्ये काटकसर नको.

समुद्रमार्गाला वेळापत्रकात सहज दीड महिना धरा आणि त्यावर काही दिवस राखून ठेवा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, आणि युरोपच्या मालाला दहा दिवस ते दोन आठवडे जास्त लागू लागले. असलं काही तुमच्या हातात नसतं. हातात एवढंच असतं, की राखीव दिवस प्रत्येक कामात थोडे-थोडे वाटून न टाकता माल एका देशाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो त्या जागी एकत्र ठेवायचे.

आठवी पायरी: पैसे

कोटेशन युरोत, खरेदी रुपयांत, साइटचा खर्च पेसोत. कुठल्या दिवसाच्या दरानं हिशेब धरला ते कोटेशनवर लिहा आणि बँकेशी फॉरवर्ड कव्हरबद्दल (पुढच्या तारखेचा चलनाचा दर आजच पक्का करण्याबद्दल) करारावर सही करण्याआधी बोला, नंतर नाही.

पैशांचे टप्पे तुमच्या हातातल्या घटनांना बांधा. 'साइटवर स्वीकारल्यावर शेवटचे वीस टक्के' एवढंच लिहिलं आणि ग्राहकाची इमारतच तयार नसली, तर तुमचे पैसे त्याच्या गवंड्याच्या हाती गेले. 'साइटवर स्वीकारल्यावर, किंवा माल पोचल्यापासून ९० दिवसांनी, जे आधी होईल ते' हे शब्द घाला. बँक गॅरंटीच्या मुदतीही वेळापत्रकात टाका. प्रकल्प लांबला की ती आधी संपते आणि मग मध्यरात्री मेल येतात.

करात दोन गोष्टी नेहमी राहून जातात. स्टुटगार्टच्या डिझायनरला पैसे पाठवताना भारतात कर कापावा लागतो. भारत-जर्मनी करारानुसार तांत्रिक सेवेवर दर १० टक्के आहे आणि त्यासाठी त्यांच्याकडून कर-निवासाचा दाखला लागतो. तो कर कुणाच्या खिशातून हे करारात नसेल तर भांडण नक्की. दुसरी गोष्ट उलट दिशेची. त्याच करारात जुळणीचं काम सहा महिन्यांपेक्षा जास्त चाललं की कंपनीचं त्या देशात 'कायम ठिकाण' मानलं जाऊ शकतं, आणि मग तिथे नफ्यावर कर येतो. प्रत्येक देशाशी असलेल्या कराराची ही मुदत सीएकडून काढून घ्या आणि साइटचा दिवसांचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा.

नववी पायरी: माणसं

यंत्राच्या आधी फिटरची तयारी करा. शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, व्हिसा कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपुरता असतो. शिवाय बैठकीला जाण्याचा व्हिसा आणि हातात पाना घेऊन काम करण्याचा परवाना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठल्या देशात कुठलं काम कशात बसतं हे वकिलातीच्या भाषेत लेखी घ्या. मेक्सिकोला जाताना अमेरिकेत विमान बदलणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून काढू नका.

आमचे फिटर जुन्नर, खेड, बीडकडचे. चाळीस दिवस केरेतारोत राहणं सोपं नसतं. हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. इथून इंडक्शनची शेगडी न्यायची हौस सगळ्यांना असते, पण तिथे घरगुती वीज १२७ व्होल्ट आहे, ती चालत नाही. कुकर न्या, शेगडी तिथली वापरा. रविवार खरोखर सुट्टीचा ठेवा. तिथल्या कारखान्यातल्या एका जाणत्या माणसाशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या: कॉम्प्रेस्ड हवेचा व्हॉल्व्ह कुठे, क्रेनवाल्याचं जेवण किती वाजता, सेफ्टीच्या परवान्यावर सही कोण करतो. हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं आणि पहिला आठवडा त्याच्यावरच चालतो.

साइटवर रोज संध्याकाळी अर्धं पान लिहा: आज काय झालं, काय अडलं, कुणामुळे, किती तास. ग्राहकाच्या माणसाची त्याच दिवशी सही. केरेतारोची संध्याकाळ म्हणजे चाकणची पहाट, त्यामुळे त्यांच्या रात्री, म्हणजे आपल्या दिवसभरात, मदत तयार करून त्यांच्या सकाळी उत्तर हाती देता येतं. वेळेचा हा फरक एकदा नीट वापरायला लागलात की त्रास वाटेनासा होतो.

स्वीकृतीची सही झाली की स्पेअर पार्टची यादी, पासवर्ड, प्रोग्रामची शेवटची प्रत आणि बदललेली ड्रॉइंग्ज हे सगळं त्याच दिवशी तिघांच्या सर्व्हरवर चढवा. हत्यारं एटीए कार्नेटवर, म्हणजे वस्तू तात्पुरत्या, शुल्क न भरता नेण्याच्या कस्टम्सच्या कागदावर, नेली असतील तर पेटी बंद करताना यादीशी एकेक ताडून बघा. भारतात हा कार्नेट फिक्की ही उद्योगांची संघटना देते, तो वर्षभर चालतो आणि त्यावर गेलेली प्रत्येक वस्तू परत आली पाहिजे. एक टॉर्क रेंच तिथल्या कपाटात राहिला तरी त्याचं शुल्क मागे लागतं. शेवटचा फिटर विमानात बसण्याआधी कार्नेटच्या परतीच्या पानावर मेक्सिकोच्या कस्टम्सचा शिक्का पडलेला त्याला फोटोत दाखवायला सांगा.